अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न: डिपेंडंट म्हणून कुणाकुणाला दाखवता येतं?

निवांतपणे
१५ एप्रिल, म्हणजे रिटर्नची मुदत, जवळ आला की हा प्रश्न पाच धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी विचारला जातो, म्हणून वेगळा धागा काढतोय. नेहमी विचारलं जाणारं चित्र असं: नवरा एच१बीवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच४वर (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा). मुलगी आठ वर्षांची, भारतात जन्मलेली, एच४वर. मुलगा तीन वर्षांचा, इथेच जन्मलेला. नवऱ्याचे आईबाबा दर वर्षी बी२ (पर्यटक) व्हिसावर येऊन जवळजवळ सहा महिने राहतात. त्यांचा इथला आणि भारतातला बहुतेक खर्च मुलगाच करतो. बाबांना पेन्शन नाही, एफडीचं व्याज आणि एका छोट्या फ्लॅटचं भाडं येतं. आईच्या नावावर उत्पन्न नाही. २०२५ च्या रिटर्नवर यातले डिपेंडंट, म्हणजे करासाठी आपल्यावर अवलंबून धरले जाणारे, कोण कोण? जाणकारांनी सांगावं, "सीपीएला (इथल्या सीएला) विचारा" एवढंच लिहू नये.

फॉर्म१०४०
सोपं आधी. बायको डिपेंडंट नसते, कधीच नसते, तिला शून्य उत्पन्न असलं तरी. तिच्यासोबत जॉइंट रिटर्न भरायचं, त्याचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) २०२५ साठी ३१,५०० डॉलर. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर तिला आयटीआयएन, म्हणजे आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) फक्त करासाठी देतं तो नंबर, लागेल.

मुलगा: एसएसएन आहे, वर्षअखेरीस १७ पेक्षा लहान आहे, म्हणून चाइल्ड टॅक्स क्रेडिट (थेट करातून वजा होणारी रक्कम) २,२०० डॉलर. मुलगी: एसएसएन मिळत नाही, त्यामुळे हे क्रेडिट नाही. आयटीआयएन काढला तर 'क्रेडिट फॉर अदर डिपेंडंट्स', म्हणजे ५०० डॉलर. आईबाबांचा विषय मोठा आहे, सावकाश लिहितो.

ठसका
"बायको डिपेंडंट नसते, कधीच नसते." हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून दिवाणखान्यात लावण्यात आलेलं आहे.

हिशेबतपासनीस
फॉर्म१०४० यांच्या उत्तराला जोड. २०१७ पर्यंत प्रत्येक डिपेंडंटमागे उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा व्हायची. २०१८ पासून ती वजावट शून्य आहे, आणि २०२५ च्या कायद्याने ते कायमचं झालं. त्यामुळे "डिपेंडंट दाखवला की चार हजार वजा" हे जुन्या सल्ल्यांत अजून सापडतं ते विसरा. आता जे मिळतं ते क्रेडिट, आणि मोठ्या माणसामागे ते ५०० डॉलर. हे ५०० फक्त कर असेल तेवढाच कमी करतात, रिफंड म्हणून हातात येत नाहीत. मुलांच्या २,२०० पैकी १,७०० पर्यंत रिफंड म्हणून मिळू शकतात.

डिपेंडंट दोनच प्रकारचे. 'क्वालिफाइंग चाइल्ड' आणि 'क्वालिफाइंग रिलेटिव्ह'. पहिल्याला नातं, वय, वर्षाच्या अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहणं या अटी आहेत, आणि त्याने स्वतःचा अर्ध्याहून जास्त खर्च स्वतः उचललेला नसावा. दुसऱ्याला एकत्र राहण्याची अट जवळच्या नातेवाइकांसाठी नाही, पण त्याचं ढोबळ उत्पन्न २०२५ मध्ये ५,२०० डॉलरपेक्षा कमी हवं आणि अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही केलेला हवा. दोघांना समान अट: तो अमेरिकेचा नागरिक, नॅशनल किंवा टॅक्सच्या दृष्टीने रेसिडेंट हवा, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. भारताचा उल्लेख त्या यादीत नाही.

आडवातिडवा
सगळे आईवडिलांना दाखवतात, कुणाला काही झालेलं ऐकलं नाही. खर्च आपण करतो, मग ते आपल्यावर अवलंबून नाहीत तर कोणावर? शेजारच्या मेक्सिकोतले चालतात आणि आपले नाहीत, हा कुठला न्याय?

हिशेबतपासनीस
@आडवातिडवा, न्यायाचं संसदेला विचारा. खर्च ही अनेक अटींपैकी एक अट आहे. बाकीच्या सगळ्या पूर्ण असतील तरच ती मोजायची. आणि "काही झालं नाही" हे तीन वर्षांनीही बदलू शकतं. बेफिकिरीने क्रेडिट घेतलं असं ठरलं तर दोन वर्षं ते क्रेडिट बंद, लबाडी ठरली तर दहा वर्षं. त्यात मुलांचं २,२०० चं क्रेडिटही जातं. नंतर परत घ्यायचं तर फॉर्म ८८६२ जोडावा लागतो.

लांबपल्ला
पण बी२वरचे आईबाबा रेसिडेंट नसतातच असं नाही. इथे इमिग्रेशनचा स्टेटस बाजूला ठेवा, टॅक्सचा हिशेब दिवसांवर चालतो. चालू वर्षातले सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याच्या मागच्या वर्षाच्या दिवसांचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ किंवा जास्त, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस, की 'सब्स्टॅन्शियल प्रेझेन्स' झाला, म्हणजे टॅक्सपुरते रेसिडेंट. बी२चे दिवस यात पूर्ण मोजले जातात.

१ एप्रिल ते २७ सप्टेंबर राहिले तर १८० दिवस. उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरायचे. दर वर्षी असेच येत असतील तर १८० + ६० + ३० = २७०. वर्षाआड आले तरी १८० + ३० = २१०. पहिल्याच वर्षी मात्र नुसते १८०, म्हणजे नाही. दर वर्षी सारखेच दिवस राहायचे असतील तर १२१ पर्यंत सुरक्षित, १२२ ला बरोबर १८३ भरतात. दिवस मोजायला सीबीपीच्या (सीमा खात्याच्या) साइटवर आय-९४ची (प्रवेशाच्या नोंदीची) ट्रॅव्हल हिस्टरी बघा, तिकिटांवरून मोजू नका. मध्ये चार दिवस कॅनडाला फिरून आले असतील तर ते हमखास राहून जातं.

आडवातिडवा
म्हणजे झालेच की रेसिडेंट! दोघांचे मिळून हजार डॉलर. मी हेच म्हणत होतो.

फॉर्म१०४०
थांबा, हजार डॉलरचं बिल पुढे आहे.

रेसिडेंट झाले म्हणजे जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात आलं. ५,२०० डॉलर म्हणजे डॉलरचा सरासरी दर ८५ ते ८७ धरला तर साडेचार लाख रुपयांच्या आतबाहेर, आणि हे दोघांचं मिळून नाही, प्रत्येकाचं वेगळं बघायचं. यात फ्लॅटचं भाडं पूर्ण धरायचं, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, दुरुस्ती काहीही वजा न करता. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे धरायचं. एफडी पाच वर्षांनी मोडणार असली तरी दर वर्षी जमा होणारं व्याज सोडून देता येत नाही.

डिपेंडंट ठरले तरी त्यांचं स्वतःचं रिटर्न टळत नाही. ६५ च्या वरच्या विवाहित डिपेंडंटचं व्याज, भाडं वगैरे २०२५ मध्ये २,९५० डॉलरच्या वर गेलं की त्याला रिटर्न भरावं लागतं. आणि उत्पन्न असो नसो, भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून सर्वोच्च शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा वेगळा फॉर्म. साधारण साडेआठ-नऊ लाखांची एफडी कुठल्याही निवृत्त माणसाकडे असते. म्युच्युअल फंड असतील तर ठरावीक रकमेपुढे फॉर्म ८६२१, तो तर प्रत्येक फंडाला वेगळा.

गोधडी
शेतीचं उत्पन्नही का? बाबांच्या नावावर ऊस आहे. भारतात तर त्यावर कर नाही.

फॉर्म१०४०
हो, शेतीचंही. भारतातली करमाफी भारतात. अमेरिकन कायद्यात परदेशातल्या शेतीला अशी सूट नाही. उसाचं बिल कारखान्याकडून खात्यात जमा झालेलं असतं, रक्कम मोठी असेल तर ५,२०० ची अट तिथेच मोडते.

मोगरा
मग सहा महिने आलेल्या सगळ्याच आईवडिलांनी अमेरिकेत रिटर्न भरायचं? इतक्या वर्षांत कुणी भरताना दिसलं नाही.

लांबपल्ला
नाही, त्यासाठीच फॉर्म ८८४० आहे. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिले, घरदार, बँक, मतदान, कुटुंबाचा बाकी गोतावळा भारतात आहे, आणि त्या वर्षात ग्रीन कार्डसाठी त्यांनी स्वतः अर्ज केला नाही किंवा तशी पावलं उचलली नाहीत, तर 'क्लोजर कनेक्शन' सांगून नॉनरेसिडेंट राहता येतं. प्रत्येकाचा वेगळा फॉर्म. इथे पगार नसेल आणि रिटर्नही भरायचं नसेल तर नुसता फॉर्म सही करून आयआरएसच्या ऑस्टिन ऑफिसला पाठवायचा, १५ जूनपर्यंत. एसएसएन किंवा आयटीआयएन असेल तर लिहायचा, नसेल तर रकाना रिकामा. पाठवल्याची पावती आणि प्रत घरी ठेवा. वेळेत दिला नाही तर हा दावा हातचा जातो, आणि हाच भाग बहुतेकांना माहीत नसतो.

एकदा ८८४० दिला की ते नॉनरेसिडेंट, म्हणजे डिपेंडंट नाहीत. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

ठसका
उन्हाळ्यात येऊन नातवंडं सांभाळायची, लोणची घालून द्यायची आणि जाताना आयआरएसला पत्र लिहायचं की आमचा जीव तिकडेच आहे. आईबाबा मंडळी हे खरं तर तोंडी रोज सांगतच असतात, लेखी द्यायला काय हरकत आहे.

कोथिंबीरवडी
मुलीच्या आयटीआयएनबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून लिहिते. इथे पुष्कळ अर्ज परत येतात.

आयटीआयएनचा अर्ज म्हणजे फॉर्म डब्ल्यू-७, कारणाचा चौकोन डी, आणि बायकोसाठी ई. दोन्हीत नवऱ्याचं नाव आणि एसएसएन लिहायचं, मुलीच्या अर्जात नातंही. डब्ल्यू-७ एकटा पाठवायचा नाही, पूर्ण १०४० (मुख्य रिटर्न) सोबत जोडायचं, म्हणजे त्या वर्षी ई-फाइल नाही, कागदीच. रिटर्नवर मुलीच्या नंबरची जागा रिकामी सोडायची, शून्यं किंवा 'अर्ज केला आहे' असं काही लिहायचं नाही. मूळ पासपोर्ट, किंवा पासपोर्ट देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत. नोटरीची प्रत चालत नाही, त्या कारणानेही अर्ज परत येतात.

मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायचा जीव होत नसेल तर दोन वाटा. सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट, ज्याला सीएए म्हणतात, किंवा आयआरएसच्या टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरची वेळ घेऊन जाणं. दोन्हीकडे पासपोर्ट बघून परत मिळतो. आणखी एक मेख: डिपेंडंटच्या पासपोर्टवर अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख हवी. हल्ली कित्येकदा विमानतळावर शिक्का मारतच नाहीत. शिक्का नसेल तर इथे राहत असल्याचा आणखी पुरावा: सहा वर्षांखालच्या मुलाला इथल्या डॉक्टरकडचं रेकॉर्ड, शाळकरी मुलाला शाळेचं, ज्यावर मुलीचं नाव, पत्ता आणि तारीख आहे. डिपेंडंटच्या बाबतीत सीएएला फक्त पासपोर्ट आणि जन्मदाखलाच तपासता येतो, त्यामुळे शाळेचा कागद मूळच जोडावा लागतो. शाळेच्या ऑफिसात सांगितलं की सही-शिक्क्याचा देतात.

नाव पासपोर्टप्रमाणेच. आपल्याकडे गिव्हन नेममध्ये मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं, शाळेत मात्र वडिलांचं नाव गाळलेलं असतं. दोन कागदांवर दोन नावं दिसली की पत्र येतं. बायकोच्या डब्ल्यू-७वर लग्नाआधीचं नाव वेगळं असेल तर जन्मावेळच्या नावाची ओळ भरायचीच, ती मोकळी सोडू नका.

साधारण सात आठवडे, आणि १५ जानेवारी ते ३० एप्रिलच्या गर्दीत नऊ ते अकरा.

मोगरा
१५ एप्रिलच्या आत नंबर आलाच नाही तर ५०० गेले?

कोथिंबीरवडी
नाही. मुदतीच्या आत अर्ज केला आणि त्याच अर्जावर नंबर मिळाला, तर तो मुदतीत मिळाला असंच धरतात. मुदतवाढ घ्यायची असेल तर फॉर्म ४८६८, मग मुदत १५ ऑक्टोबर. पण कर देणं लागत असेल तर तो १५ एप्रिललाच भरायचा, मुदतवाढ कागदांना असते, पैशांना नाही. मुदत उलटून गेल्यावर अर्ज करून मागच्या वर्षांची रिटर्नं १०४०-एक्सने सुधारायची, हे मात्र जमत नाही.

हिशेबतपासनीस
आणि तो नंबर सलग तीन वर्षं कुठल्याच फेडरल रिटर्नवर आला नाही तर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला बाद होतो. पुढे ग्रीन कार्डमुळे एसएसएन मिळालं की आयटीआयएन वापरायचं थांबवून आयआरएसला पत्राने कळवायचं. एसएसएन मिळालं म्हणून मागच्या वर्षांचे २,२०० मागता येत नाहीत, ते त्या त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीआधी मिळालेलं हवं होतं.

२०२५ पासून नवीन अट: नुसतं मुलाचं एसएसएन पुरत नाही, आईवडिलांपैकी किमान एकाचं कामाला वैध एसएसएन हवं. एच१बीवाल्यांच्या एसएसएन कार्डावर 'डीएचएसच्या (होमलँड सिक्युरिटी खात्याच्या) परवानगीसहच काम' असा शेरा असतो, परवानगी चालू असेपर्यंत ते चालतं. जॉइंट रिटर्नवर ४,००,००० डॉलरपुढे हे क्रेडिट दर हजारामागे ५० ने घटतं.

सातासमुद्रापार
इथे जन्मलेलं बाळ आजीआजोबांबरोबर भारतात पाठवतात, आठ-दहा महिने, त्याचं काय? नागरिक आहे, एसएसएन आहे, मग २,२०० मिळायला हवेत ना?

फॉर्म१०४०
चांगला प्रश्न. सॉफ्टवेअर एसएसएन बघून २,२०० देऊन मोकळं होतं, तिथेच चूक होते. २,२०० साठी मूल क्वालिफाइंग चाइल्ड हवं, म्हणजे वर्षाच्या अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहिलेलं हवं. आजारपण, शिक्षण, सुट्टी यासाठीची तात्पुरती गैरहजेरी 'बरोबर राहिलं' अशीच मोजतात, पण दहा महिने आजीकडे वाढतंय याला सुट्टी म्हणणं अवघड. अशा वेळी ते मूल नागरिक असल्यामुळे क्वालिफाइंग रिलेटिव्ह म्हणून बसतं आणि ५०० मिळतात. सॉफ्टवेअर "किती महिने घरात होतं?" असं विचारतं तिथे खरा आकडा टाका, बाकीचं ते बरोबर करतं.

उलट बाजूने, ३१ डिसेंबरला रात्री जन्मलेल्या बाळाचं त्या अख्ख्या वर्षाचं क्रेडिट मिळतं.

ठसका
माहेरच्यांनी काढलेला मुहूर्त जानेवारीचा असेल तर पुनर्विचार व्हावा.

लांबपल्ला
अवांतर होतंय, पण मोठ्या मुलांचं एक कुणी लिहीत नाही. एच४वरची मुलगी २१ ची झाली की एफ१ (विद्यार्थी व्हिसा) होते. १९ च्या वर असली तरी २४ पूर्ण होईपर्यंत पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून क्वालिफाइंग चाइल्ड बसते, होस्टेलवर असली तरी घरीच राहते असं धरतात. इथपर्यंत ठीक. पण एफ१ विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवसांच्या हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे स्टेटस बदलला त्या वर्षी आधीचे एच४चे दिवस भरत असतील तर रेसिडेंट, आणि पुढच्या वर्षी त्याच घरात, त्याच कॉलेजात असूनही नॉनरेसिडेंट. मग ती डिपेंडंट नाही, ५०० नाहीत, आणि तिच्या फीवरचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटही आईवडिलांना नाही. तिचा स्वतःचा फॉर्म ८८४३ (दिवस का मोजायचे नाहीत ते सांगणारा), कमाई असेल तर १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचं रिटर्न). कॉलेजकडून फीचा फॉर्म १०९८-टी आला म्हणून क्रेडिट मिळतंच असं नाही.

गोधडी
हे वाचून धक्काच बसला. आपल्या बऱ्याच ग्रूपवर बिनधास्त दाखवतात.

आडवातिडवा
बरं, ग्रीन कार्डवाले आईवडील? की त्यांनाही ८८४०?

हिशेबतपासनीस
ग्रीन कार्डला ८८४० चालत नाही. ते कार्डधारक म्हणून अमेरिकेत पाय ठेवल्यापासून रेसिडेंट, मधे पाच महिने भारतात राहिले तरीही. त्यामुळे तिथे ५०० ची गोष्ट खरी आहे, उत्पन्न आणि खर्चाच्या अटी भरल्या तर.

खर्चाची अट तोंडी सांगून भागत नाही. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०१ मध्ये वर्कशीट आहे, ते प्रत्येक पालकाचं वेगळं भरून फाइलला लावून ठेवा. एका बाजूला त्यांच्यावर झालेला एकूण खर्च: राहणं, जेवण, कपडे, औषधपाणी, आरोग्यविम्याचे हप्ते, प्रवास. राहण्याचा खर्च म्हणजे तुमच्या मॉर्गेजचा हप्ता नव्हे, ती खोली भाड्याने दिली असती तर आलेलं वाजवी भाडं. दुसऱ्या बाजूला त्यातलं कुणी किती दिलं. ते वर्षातले काही महिने भारतात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत असतील तर त्या फ्लॅटचं वाजवी भाडं त्यांनी स्वतः उचललेला खर्च म्हणून धरायचं. इथे भले भले पन्नास टक्क्यांच्या खाली येतात. बँकेत साठून राहिलेले पैसे मात्र धरायचे नाहीत, खर्च झाले तेवढेच.

भावंडांनी मिळून सांभाळलं आणि कुणाचाच हिस्सा निम्म्याच्या वर गेला नाही तर फॉर्म २१२०. १० टक्क्यांहून जास्त देणाऱ्या बाकी भावंडांनी लेखी संमती द्यायची, मग एकजण दाखवतो. दर वर्षी पाळी बदलता येते.

उत्पन्न जास्त असल्यामुळे डिपेंडंट बसले नाहीत, पण निम्म्याहून जास्त खर्च तुमचा आहे, तर त्यांची तुम्ही भरलेली वैद्यकीय बिलं शेड्यूल ए मध्ये तरीही धरता येतात. उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरची रक्कम, आणि अर्थात आयटेमाइझ (स्टँडर्ड डिडक्शनऐवजी एकेक वजावट मोजणं) करत असाल तर.

मोगरा
एकटी मुलगी, लग्न झालेलं नाही, आईचं ग्रीन कार्ड आहे. 'हेड ऑफ हाउसहोल्ड' हा रिटर्नचा दर्जा मिळेल?

हिशेबतपासनीस
आई डिपेंडंट असेल तर हो, आणि आई वेगळ्या घरात राहत असली तरी चालतं, त्या घराचा वर्षभराचा निम्म्याहून जास्त खर्च मुलीने केला असेल तर. ही सवलत फक्त आईवडिलांसाठी आहे. स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० ऐवजी २३,६२५, म्हणजे ५०० पेक्षा हा फायदा कितीतरी मोठा. पण आईला २१२० वरून दाखवलं असेल तर हा दर्जा मिळत नाही.

सातासमुद्रापार
६५ वरच्यांना २०२५ पासून ६,००० ची वजावट आहे ना? ती आईबाबांमुळे आपल्याला?

फॉर्म१०४०
नाही. ती रिटर्न भरणाऱ्याची किंवा जॉइंटमधल्या जोडीदाराची. डिपेंडंटच्या वयाचा तुमच्या रिटर्नला उपयोग नाही.

ठसका
नात्यांच्या यादीत एक गंमत आहे. बरोबर न राहताही चालणाऱ्यांत काका आहेत, काकू नाही. मामा आहे, मामी नाही. मावशी आहे, तिचे यजमान नाहीत. आत्या आहे, आतोबा नाहीत. सासू, सासरे, जावई, सून, मेहुणा सगळे आहेत. चुलतभाऊ, मावसबहीण नाहीत. म्हणजे आयआरएसच्या लेखी काका एकटेच जेवायला येतात.

हिशेबतपासनीस
यादीबाहेरचं माणूस पूर्ण वर्षभर तुमच्या घरात राहिलं तर मात्र चालतं. जॉइंट रिटर्नवर नातं दोघांपैकी कुणाचंही असलं तरी पुरतं, बायकोचे मामा चालतात. आणि लग्नाने जोडलेलं नातं घटस्फोटाने किंवा जोडीदाराच्या मृत्यूनेही संपत नाही, सासूबाई यादीत राहतात.

आडवातिडवा
सासूबाई यादीत राहतात, हेही फ्रेम करून घ्यावं लागणार.

गोधडी
ई-फाइल "डिपेंडंट दुसऱ्या रिटर्नवर आहे" म्हणून परत आली तर? कॉलेजातल्या मुलाने स्वतःचं रिटर्न आधी भरून टाकलं की असं होतं.

फॉर्म१०४०
कोड आर०००० ५०७ ०१ असतो. मुलाने "मला दुसरं कुणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं" या चौकोनावर खूण केलेली नसते. त्याने १०४०-एक्सने दुरुस्त करायचं. पूर्वी तोवर तुम्हाला कागदीच पाठवावं लागायचं. आता आयआरएसच्या साइटवरच्या आपल्या खात्यातून आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) घेऊन तो घातला तर तुमचं ई-फाइल स्वीकारतात. घटस्फोटितांमध्ये दोघांनी मुलाला दाखवलं तरी हाच कोड येतो. तिथे मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहतं त्याचा हक्क, दुसऱ्याला हवा असेल तर फॉर्म ८३३२ वर पहिल्याची सही.

कोथिंबीरवडी
राज्याचं रिटर्न विसरू नका. फेडरलवर वजावट शून्य असली तरी काही राज्यांत ती जिवंत आहे. न्यू जर्सीत प्रत्येक डिपेंडंटमागे १,५००, आणि कॉलेजात पूर्णवेळ शिकणाऱ्या २२ वर्षांखालच्या मुलामागे आणखी १,०००.

निवांतपणे
सगळ्यांचे आभार. मूळ चित्राकडे येऊ. बायको जॉइंट, मुलगा २,२००, मुलगी डब्ल्यू-७ आणि ५००. आईबाबांचं नक्की काय?

फॉर्म१०४०
बाबा: फ्लॅटचं भाडं महिना वीस हजार धरलं तर वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यात एफडीचं व्याज. दोन्ही मिळून साडेचार लाखांच्या पुढे गेलं तर दिवस कितीही भरोत, विषय संपला. ८८४० भरा.

आई: तिच्या नावावर उत्पन्न नाही, म्हणून उत्पन्नाची अट पूर्ण होते. ८८४० न देता तिला रेसिडेंट मानून दाखवलं तर ते बेकायदा नाही. पण तिचा डब्ल्यू-७, खर्चाचं वर्कशीट, आणि बाबांसोबतच्या जॉइंट एफडीची पूर्ण रक्कम तिच्याही एफबीएआरमध्ये. ५०० डॉलरसाठी मी हे करायला सांगणार नाही.

आडवातिडवा
मी सांगेन. एफबीएआर भरायला पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होतो. डब्ल्यू-७ मुलीचा जातोच आहे, त्याच पाकिटात आईचा.

लांबपल्ला
त्याच पाकिटात जाईल, पण आईच्या पासपोर्टवर शिक्का नसेल तर तिला १८ वर्षांवरच्यांचे पुरावे लागतील: इथल्या पत्त्यावर तिच्या नावाचं बँक स्टेटमेंट, वीजबिल किंवा भाडेकरार. बी२वर आलेल्या आईच्या नावाने यातलं काय असतं?

आडवातिडवा
तिचं नाव वीजबिलात घालता येतं.

लांबपल्ला
येतं, पण ते आल्या आल्या घालायला हवं होतं. या वर्षीच्या फाइलला मुलीचाच पाठवा. आईबाबांचे ८८४० दोन वेगळ्या पाकिटांत, १५ जूनच्या आत, आय-९४चे दिवस मोजून.

कोथिंबीरवडी
आणि मुलीच्या डब्ल्यू-७वर सही आईची किंवा वडिलांची, शेजारी पेरेंटच्या चौकोनावर खूण. मुलीला सही करायला लावू नका, तसेही अर्ज परत आलेत.